पश्चिमेचे संडास

समुद्रकाठच्या हॉटेलाचा नकाशा काढताना मी समुद्राच्या बाजूला संडास काढले.

एखाददुसरा नव्हे, सगळे. वरच्या मजल्याचे, खालच्या मजल्याचे, आणि आल्यागेल्यासाठी म्हणून एक सार्वजनिक. टी-स्क्वेअर लावून, एका रांगेत. खोल्यांच्या खिडक्या दिल्या रस्त्याकडं. तिथून गाड्यांचा तळ आणि त्याच्या पलीकडचं गटार, दोन्ही कसलीही आडकाठी न येता दिसतं. हे मी पिऊन केलेलं नाही. पूर्ण शुद्धीत, साडेदहा ते सहा, मधे डबा खाऊन, तीन आठवडे खपून केलेलं आहे.

मी जन्मभर सोलापुरात एका आर्किटेक्ट साहेबांकडं ड्राफ्ट्समन होतो. साहेब पाकिटाच्या पाठीवर चार रेघा ओढायचे आणि मी त्याचं घर करायचो. सोलापुरात घर काढताना शत्रू एकच, दुपारनंतरचं ऊन. मे महिन्यात पश्चिमेची भिंत अशी तापते की दिवेलागण झाल्यावरही तिला पाठ टेकवली तर माणूस देवाचं नाव घेत उठतो. म्हणून आमच्याकडं पश्चिमेची भिंत आंधळी ठेवायची. संडास, न्हाणी, जिना, अडगळ, जे जे म्हणून नावडतं ते पश्चिमेला ढकलायचं. त्यांनी ऊन अंगावर घ्यायचं, माणसांनी पूर्वेला झोपायचं. हे मला कुणी शिकवलं नाही, हाताला लागलेलं वळण आहे. कागदावर पश्चिम दिसली की माझी पेन्सिल आपोआप संडास काढते.

तर असा मी, आणि माझ्याकडं समुद्रकाठचं हॉटेल आलं.

हॉटेलाचे मालक म्हणजे चादरीच्या कारखान्याचे शेट. घरात तेलुगू, बाजारात मराठी, मनानं दिलदार. एकदा मुलाबाळांना घेऊन कोकणात गेले आणि येताना जमीनच घेऊन आले. ऑफिसात येऊन टेबलावर हात आपटला, “एकदम फारेनसारखं पायजे बगा.” साहेबांचं त्याच महिन्यात हृदयाचं ऑपरेशन झालेलं. पडल्या पडल्या ते मला म्हणाले, “तू कर. तुझं वाचन आहे.”

वाचन होतं, हे खरं आहे. ऑफिसात विलायती समुद्रकाठच्या इमारतींवरचं एक जाडजूड पुस्तक होतं. पावसाळ्यात टेबलाचा पाय डुगडुगला की आम्ही ते खाली घालायचो. ते मी डिक्शनरी घेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेलं. समुद्र मात्र पाहिलेला नव्हता. आमच्या घरात ‘फिरायला’ ह्या शब्दाला वाईट वास होता. “काय करतो पोरगा?” “काय न्हाय, फिरतोय नुसता.” जायचं तर देवाला जायचं, लग्नाला जायचं, नाहीतर सुट्टीत करकंबला आत्याकडं जाऊन उसाच्या फडात पाय कापून घ्यायचे. बिनकामाचं, बिनदेवाचं कुठं जाऊन नुसतं पाण्याकडं बघत बसायचं, ही कल्पनाच आमच्याकडं पोचली नव्हती.

पण त्या पुस्तकानं कळलं की विलायतेतही ती फार जुनी नाही. सुरुवातीला तिथं समुद्रावर मजा करायला कुणी जात नव्हतं, डॉक्टर चिठ्ठी लिहून पाठवायचे. गार पाण्यात बुचकळून काढायचं, आणि वर तेच पाणी प्यायला द्यायचं, कुणाकुणाला दुधात घालून. वाचतानाच मला हे थोतांड वाटलं होतं, पण इंग्रजीत छापलंय म्हणून खरं मानलं. बायकांना चाकं लावलेल्या लाकडी खोपटात बसवायचं, घोड्यानं ते खोपट पाण्यात ओढायचं, आत कपडे बदलायचे आणि दुसऱ्या दारानं गुपचूप पाण्यात उतरायचं. मग आगगाडी आली. गिरण्यांतले कामगार सुट्टीला झुंडीनं यायला लागले. डॉक्टर मागं पडले, खाणावळी पुढं आल्या. समुद्रात लोखंडी खांबांवर लांबच लांब धक्के घुसवले, त्यावर नाचगाणी. एका राजानं तर आपल्याकडच्यासारखे घुमट घालून समुद्रकाठी महाल उठवला, आणि पठ्ठ्यानं हिंदुस्थान कधी पाहिलाच नव्हता! हे वाचून मला फार धीर आला. त्यानं न बघता घुमट बांधला, आपण न बघता समुद्र बांधू. पुढच्या शतकात जहाजासारखी हॉटेलं निघाली. पांढऱ्या भिंती, लोखंडी कठडे, गोल गोल खिडक्या.

मी सगळंच घेतलं. गोल खिडक्या घेतल्या, कठडे घेतले, आणि जिन्याच्या डोक्यावर विजापूरच्या गोलघुमटाचं पिल्लू बसवलं.

माझा घात केला तो त्या पुस्तकातल्या रस्त्यानं. त्यातल्या प्रत्येक फोटोत आधी हॉटेल, हॉटेलासमोर रस्ता, रस्त्यापलीकडं समुद्र. शेटच्या जागेच्या मोजणीच्या नकाशात रस्ता होता पूर्वेला. मी धरून चाललो की पलीकडं समुद्र असणार. महाराष्ट्राचा समुद्र पश्चिमेला असतो हे पाचवीतलं पोर सांगेल. मलाही येत होतं. पण ते भूगोलात येत होतं, कागदावर नाही. शिवाय पश्चिमेला मोजणीवाल्यानं एक तुटक रेघ मारून वर लिहिलं होतं, एच.टी.एल.

सोलापुरात एच.टी. लाइन म्हणजे हाय टेन्शनच्या तारा. कुंभारीच्या बाजूला प्लॉट काढताना मी अशा कितीतरी ओलांडल्या होत्या. नियम पाठ होता. तारांपासून अंतर सोडायचं, त्या अंगाला गॅलरी द्यायची नाही, दार द्यायचं नाही, माणसाला तिकडं फिरकू द्यायचं नाही. मी सगळं पाळलं. मागचं दारसुद्धा ठेवलं नाही. वास्तूवाल्यानं पश्चिमेचे संडास बघून मान डोलावली. सरकारी ऑफिसानंही नकाशा मंजूर केला, कारण अंतर मी अगदी बरोबर सोडलं होतं. फक्त ते कशापासून सोडलंय, हे मला माहीत नव्हतं.

एकदा कोकणातून कंत्राटदाराचा फोन आला. “साहेब, मागची बाजू बंदच ठेवायची म्हणता? एकपण खिडकी नको? आमच्याकडे असं कोण करत नाही हो.”

मी म्हटलं, “तिकडनं लाइन जाते ना?”

“लाइन आहे हो, पण...”

“मग? माणूस मेलं म्हणजे तुम्ही निस्तरणार? ड्रॉइंगप्रमाणं करा. आपलं डोकं चालवू नका.”

बिचाऱ्यानं चालवलं नाही. सोलापूरची माणसं भरतीला एवढी भितात, असं वाटलं असेल त्याला.

पुढं साहेब गेले, ऑफिस मिटलं. शेट मला बघून रस्ता बदलायला लागले. मला वाटलं, पैसा बोलतोय. एकदा एका लग्नात पंगतीला समोरासमोर आलो. शेट घास हातात धरून माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, “तितं संडासात बसलो की तुमचीच आठवन येतीय बगा.” मी हात जोडून थँक्यू म्हटलं. त्या कामात मी संडास खरंच ऐसपैस काढले होते.

आता बायकोकडं येतो. ती मैंदर्गीची. अर्धं कानडी, अर्धं मराठी, रागावली की पूर्ण कानडी. आमच्या घरात तिनं वीस वर्षं कडक भाकरीचा धंदा केला. पातळ ज्वारीची भाकरी, तव्यावर भाजून भाजून पापडासारखी कडक करायची. डब्यात महिना महिना राहते. रोज शेकड्यानं भाकऱ्या, एक गुडघा दुमडून, दुसरा पोटाशी घेऊन, गॅसच्या तोंडासमोर. भाकऱ्या टिकल्या, गुडघे गेले. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. त्या दिवशी दवाखान्यातून येताना रिक्षात ती म्हणाली, “त्याच्या आदी एकदा समुद्र दावा.”

मी म्हटलं, “वाळूत चालवेल का तुला?”

“चालायचं कशाला? खिडकीत बसायचं. हातात च्या, दुसऱ्यानं केलेला. म्होरं पानी. नळाचं नगं, टँकरचं नगं. जे भरून ठिवावं लागत न्हाय, असलं पानी बगायचंय मला.”

सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. ते येतं तेव्हा ही बाई गुडघे धरून पिंप, हंडे, बादल्या, शेवटी वरणाचं पातेलंसुद्धा भरून ठेवते. तिचं मागणं मला पटकन कळलं. आणि लगेच छाती फुगली. म्हटलं, “खिडकी? अगं, खिडक्या मीच काढल्यात! माझ्या हातचं हॉटेल आहे तिथं. गोल खिडकी, समोर समुद्र. चल.”

हे मी कोल्हापूरपर्यंतच्या एसटीत शेजारच्या माणसाला सांगितलं. कोल्हापुरात बहिणीकडं मुक्काम होता, तिथं सगळ्या गल्लीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी घाट उतरताना कंडक्टरला सांगितलं. तो म्हणाला, “तिकीट दाखवा.”

दुपारी पोचलो. लांबूनच घुमट दिसला. मी म्हटलं, “ते बघ!” ती म्हणाली, “दर्गा हाय काय?”

घुमटावरून हिरवट-काळे ओघळ उतरले होते, म्हाताऱ्याच्या तोंडातून पानाची पिंक उतरते तसे. पांढऱ्या भिंतींवर बुरशी, तीही एका रंगाची नव्हे. काळी, हिरवी, आणि एक पिवळसर लवदार, ती बघून मला उतू गेलेलं डोश्याचं पीठ आठवलं आणि त्यानंतर मी आजतागायत डोसा खाल्लेला नाही. कठडे गंजून त्यांचे पापुद्रे सुटलेले, हात लावला तर हात तांबडा. आवारात शहाळ्यांचा सडा, प्लास्टिकच्या ताटल्या, एका कुंडीत कुणीतरी टाकलेला पोराचा लंगोट. पोहण्याच्या तलावात जीन घालून उतरलेले बाप्ये, आणि पाण्यावर तरंगणारी भजी. मधोमध हृदयाच्या आकाराची लोखंडी कमान होती. तिच्यात उभं राहून एक जोडपं फोटो काढून घेत होतं आणि त्यांच्या मागं कुत्रं ओकत होतं.

हे माझ्या नकाशाचं नाही, देखभालीचं पाप आहे, असं स्वतःला समजावलं. तेवढ्यात तिथला कारभार बघणारा माणूस पुढं आला. पन्नाशीचा, लुंगीतला, खांद्यावर टॉवेल. तो टॉवेल सोलापूरचा होता हे मी लगेच ओळखलं, आणि तेवढ्यावर त्याला म्हणणारच होतो की बाबा, हे हॉटेल काढलेला माणूस तुझ्यासमोर उभा आहे. पण खोलीचं दार उघडलं आणि तोंडच उघडवेना.

खोलीत वास होता. वास म्हणजे आला नि गेला तसा नव्हे, मुक्कामाला असलेला. पश्चिमेचा वारा, म्हणजे ज्याला समुद्राचा वारा म्हणतात, ज्यासाठी विलायतेतले डॉक्टर चिठ्ठ्या लिहायचे, तो वारा मी काढलेल्या संडासाच्या झरोक्यातून आत शिरत होता, तिथलं जे काय असेल ते उचलत होता आणि पलंगावर आणून ठेवत होता. चादर ओलसर. उशीला आधीच्या माणसाच्या तेलाचा डाग, आणि डागात एक केस. न्हाणीच्या जाळीवर केसांचा पुंजका. झुरळं पळतसुद्धा नव्हती, घरच्यासारखी बसून होती.

बायको गोल खिडकीपाशी गेली. खुर्ची ओढली. गुडघ्यावर हात ठेवून, ‘अय्यो’ म्हणत बसली आणि बाहेर बघितलं. बाहेर इचलकरंजीची एक बस उभी होती. तिच्या सावलीत एकजण नाक शिंकरत होता.

“समुद्र कुटाय?”

इथं मी दुसरी चूक केली. पहिली निदान न कळता झाली होती. मी म्हटलं, “ओहोटी आहे ना आता. पाणी लांब जातं. भरती आली की येईल.”

“हितंपत्तूर?”

“मग!”

ती माहेरची शेतकरीण. पाणी येतं-जातं हे तिला पटण्यासारखंच होतं, नळाचं तसंच तर असतं. “बरं,” म्हणाली आणि पार्किंगकडं तोंड करून समुद्राची वाट बघत बसली. मी चहा सांगायच्या निमित्तानं बाहेर सटकलो.

त्या लुंगीवाल्याला विचारलं, “भाऊ, समुद्र कुठल्या बाजूला?”

तो असा हसला, जणू हा प्रश्न तो रोज ऐकतो. “समुद्र पाठी. संडासात जा, कमोडवर उभे राहा, झरोक्यातून बघा. सगळे तसेच बघतात.”

शेजारची खोली उघडी होती, तिच्या संडासात गेलो. उभा राहिलो. बूड टेकवायच्या जागी पाय दिले आणि झरोक्याच्या कडेला नाक लावलं. आणि साठीच्या उंबरठ्यावर, एका हातानं फ्लशची टाकी धरून, मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. सुंदर होता हो. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. मावेना एवढा, चकचकीत, आणि कुणीही भरून न ठेवलेला. खाली कुंपणापाशी एक दगड पुरला होता आणि त्यावर रंगानं लिहिलं होतं, एच.टी.एल.

कमोडवरून उतरून बाहेर आलो. लुंगीवाल्याला विचारलं, “तारा काढल्या का हो इथल्या?”

“कसल्या तारा?”

“दगडावर लिहिलंय ना, हाय टेन्शन.”

“अहो, हाय टाइड! भरतीची रेषा ती. समुद्र तिथपर्यंत येतो.” मग त्याच्याच तोंडाचं कुलूप निघालं. “आमच्या म्हाताऱ्यांनी पण समुद्राकडे तोंड करून घरं नाही बांधली. वारा मारतो म्हणून मधे माड लावले, घर मागे घेतलं. पाठ केली, मान्य. पण म्हणून कुणी त्याच्या तोंडावर संडास नाही बांधले! तो नकाशावाला कुठला होता ना, त्याला एकदा बघायचाय मला. नुसता बघायचाय.”

“असेल कुणीतरी,” मी म्हटलं.

मला त्या घटकेला घुमटाची, बुरशीची, तरंगणाऱ्या भज्यांची, सगळ्यांची किळस एकदम आली, पण सगळ्यात जास्त आली ती माझ्या उजव्या हाताची. शेट पंगतीत काय म्हणाले तेही तिथंच, इतक्या वर्षांनी कळलं. आणि मी थँक्यू म्हटलं होतं.

परत खोलीत आलो. बायको तशीच बसलेली. मी पण जवळ बसलो. तिनं पिशवीतून कडक भाकरी काढली, शेंगाचटणी काढली. भाकरी मोडायला गेली तर मोडेचना. वाकली. वीस वर्षांत तिच्या हातची भाकरी वाकलेली मी पाहिली नव्हती. ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. तिनं ती उलटीपालटी करून बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि परत पिशवीत ठेवली.

मग ऊन उतरलं. बसच्या काचा तांबूस झाल्या, गटारावरही थोडा सोनेरी रंग आला. बायको खिडकीतून बघत होती, मग मान वळवून तिनं खोलीच्या दुसऱ्या टोकाला, न्हाणीच्या दाराकडं बघितलं. झरोक्यातून नारिंगी उजेडाची एक पट्टी आत पडली होती.

“अवो,” ती म्हणाली, “सूर्य समुद्रात बुडतोय म्हनतेत न्हवं?”

“हं.”

“हितं तर संडासात बुडाला.”

मी बसचा नंबर वाचायला लागलो.

“मंजे समुद्र तिकडं हाय. आन् तुमी मला दोन तास गाड्यांत पानी यायची वाट बगत बसीवलंय.”

मी सगळं सांगितलं. तारा, भरती, पुस्तकातला रस्ता, राजाचा घुमटसुद्धा सांगितला. ती शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाली, “साकु.” कानडीत साकु म्हणजे पुरे. हा शब्द निघाला की आमच्याकडं त्या दिवसाचं बोलणं संपतं.

सकाळी तिला किनाऱ्यावरच न्यायचं ठरवलं. मागचं दार नाही, कारण ते मी काढलं नाही. म्हणून गेटातून बाहेर, रस्त्यानं वळसा, मग दोन हॉटेलांच्या मधली बोळ. बोळ म्हणजे काय होतं ते सांगू? कोलंबीची सालं, बाटल्या, भाड्याच्या घोड्यांची लीद, आणि दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांचं पाणी मधोमध वाहणारं. माश्यांचा घोंगाट एवढा की समुद्राचा आवाज त्याच्यामागं लपला. पाण्याच्या पलीकडं पाय टाकायला एक दगड होता. बायकोनं त्या दगडाकडं बघितलं, मग गुडघ्याकडं.

“न्हाय व्हायचं,” ती म्हणाली.

“मी धरतो.”

“तुमीच पडशीला. मग तुमाला कोन धरनार?”

परत फिरलो. पन्नास पावलांवर समुद्र होता. मला वाटतं, ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. घरी जायची बस दुपारची होती. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. आणि आम्ही समुद्राला पाठ करून उभ्या असलेल्या हॉटेलाच्या पायरीवर, गाड्यांकडं बघत बसलो.

चहा सांगितला आणि मी सामान भरायला खोलीत गेलो. पिशव्या बांधल्या, ओली भाकरी टाकावी की न्यावी ह्यावर थोडा विचार केला, नेली, आणि बाहेर आलो तर बायको नाही. पायरीवर फक्त तिच्या चपला. चपला उचलून गेटपर्यंत पळालो, बोळात डोकावलो, परत आलो. तेवढ्यात आवाराच्या कोपऱ्यातून माणसांचा गलका ऐकू आला. तळमजल्यावर, आल्यागेल्यासाठी म्हणून मी काढलेल्या सार्वजनिक संडासापाशी इचलकरंजीच्या बसमधली माणसं रांग लावून उभी होती. बाप्ये, बाया, एक म्हातारा तर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता. दार आतून बंद.

लुंगीवाला रिकामा ट्रे घेऊन तिथंच होता. मला बघून म्हणाला, “तुमच्या मंडळी आत आहेत. मीच बसवलंय. पायरीवर बसून विचारत होत्या, भाऊ, हितनं कुठनं तरी दिसतो का हो समुद्र? काय करणार. इथला वास कोंडायचा म्हणून मागे आम्ही हा झरोका फोडून मोठी खिडकी काढलीय. वास काय गेला नाही, पण समुद्र दिसायला लागला. अख्ख्या हॉटेलात तेवढी एकच खिडकी आहे समुद्राची. सार्वजनिक संडास, सारखी रांग, म्हणून कुणाला सांगत नाही.”

दाराची फळी पावसानं फुगून वाकलेली, फट चांगली बोटभर. मी डोळा लावला. फरशी पाणी मारून धुतलेली, पण कोपऱ्यात पिवळे थर तसेच. नळ गळत होता. भिंतीवर कुणीतरी कोळशानं बदाम काढून बाण मारलेला. आणि त्या सगळ्याच्या मधोमध प्लास्टिकची खुर्ची, तीवर माझी बायको, अनवाणी, गुडघ्यावर पदर, हातात दुसऱ्यानं केलेला चहा. समोर फुटक्या विटांची एक ओबडधोबड चौकट, आणि चौकटीत भरून समुद्र. भरती होती. पाणी अगदी त्या एच.टी.एल.च्या दगडापर्यंत आलं होतं.

ती पीत नव्हती. कप धरून बघत होती. तिची पाठ मी रोज बघतो, पण इतकी सैल कधी बघितलेली नाही.

“अहो काकू, आटपा की!” रांगेतल्या एका बाईनं दार ठोठावलं. “किती वेळ?”

“भरती हाय तंवर,” आतून आवाज आला.

“हे काय बोलणं? इथं माणसं खोळंबल्यात!”

“मागच्या बोळात जा. तितं लई जागा हाय.”

म्हातारा विव्हळला. ती बाई वैतागून आमच्याकडं वळली. तोपर्यंत रांगेतल्या निम्म्या लोकांनी फटीतून समुद्र बघून घेतला होता, आणि चिडलेल्या माणसांचा राग आता योग्य दिशेला वळायला लागला होता. “पण मी म्हणते, समुद्राकडं संडास? असलं गाढव आहे तरी कोण?”

“मी पण तेच म्हणतो,” लुंगीवाला म्हणाला. “मला नुसता बघायचाय त्याला.”

मी चपला हातात धरून घुमटाकडं बघायला लागलो.

आतून चहाचा मोठा, सावकाश भुरका ऐकू आला. मग बायकोचा आवाज, सगळ्या आवाराला ऐकू जाईल असा:

“बाहेर माज्या चपला धरून हुबं हायेत न्हवं, तेच ते! चपलाच असू द्या त्यांच्या हातात. पेन्सिल दिऊ नका!”